लग्न, नोकरी, घर आणि बाळ एकाच वर्षात: आधी काय, नंतर काय?

मुळाकाठ:
नमस्कार मंडळी. एका वर्षात चार मोठ्या गोष्टी जुळून आल्या आहेत आणि कागदपत्रांचा क्रम चुकू नये म्हणून विचारतो आहे. लग्न फेब्रुवारीत झालं, वैदिक पद्धतीनं. नोंदणी अजून केलेली नाही. बायकोला बाळंतपणाची २० जानेवारी ही तारीख दिली आहे. ती सध्याच्या कंपनीत तीन वर्षं आहे आणि तिच्याकडे दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे, १ ऑक्टोबरला रुजू व्हायचं, नोटीस दोन महिन्यांची. पुण्यात सिंहगड रस्त्याला एक रीसेल फ्लॅट ६० लाखांना ठरत आला आहे, दोघांच्या नावावर घ्यायचा विचार आहे. हातात १४ लाख आहेत. माझा पगार हातात १ लाख ५ हजार. आडनाव बदलायचं की नाही हे तिनं ठरवलेलं नाही.

प्रश्न असे: नोंदणी आणि नाव आधी की घराचा करार आधी? तिनं नोकरी आत्ता बदलावी का? १४ लाख पुरतील का? बाळंतपण तिच्या माहेरी, कोल्हापूरला करायचं घरात चाललं आहे, त्यानं काही अडतं का?

दस्तनोंद:
आधी मनापासून अभिनंदन. क्रमाचा प्रश्न तुम्ही जुलैतच विचारलात हे फार बरं झालं. बहुतेकांना तो डिसेंबरात पडतो, आणि तेव्हा निम्मे कागद एका नावानं आणि निम्मे दुसऱ्या नावानं झालेले असतात.

पहिलं काम लग्नाची नोंदणी. महाराष्ट्रात ती १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते, गावात ग्रामपंचायतीत. ९० दिवसांची मुदत तुमची उलटली आहे. त्यानं नोंदणी अडत नाही, विलंब शुल्क भरावं लागतं. नमुना 'ड' भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाची पत्रिका, विधीचा फोटो. अडतं ते नेहमी एकाच जागी: लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. अर्जात त्यांचं नाव, पत्ता, वय आणि सही लागते. गुरुजी दुसऱ्या गावचे असतील तर आजच फोन करा आणि फॉर्मचं ते पान त्यांच्याकडे पोचवा. बाकी सगळं एका दिवसात जमतं, हे पान मात्र तीन तीन आठवडे खातं.

आता नाव. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. पासपोर्टही लग्नाआधीच्या नावानं चालू राहतो. तेव्हा दोनच रस्ते धरा: एक तर बदलूच नका, किंवा घराच्या कराराआधी सगळीकडे बदलून मोकळे व्हा. मधला रस्ता, म्हणजे आधार नव्या नावानं आणि पॅन जुन्या, हा सगळ्यात वाईट. करार, कर्ज, टीडीएस (रक्कम देतानाच कापून भरायचा कर), पीएफ, विमा सगळीकडे पॅन आणि आधार ताडून बघतात, आणि तिथे नाव जुळत नाही तिथे काम थांबतं. बदलायचंच असेल तर आधी लग्नाचा दाखला, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी पीएफ. पॅनचा क्रमांक तोच राहतो, फक्त दुरुस्तीचा अर्ज करायचा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग दहा वेळा वाचून मगच सबमिट करा.

तुमच्या वेळापत्रकात हे सगळं महिन्याभरात बसवणं धावपळीचं आहे. माझं मत स्पष्ट आहे: लग्नाआधीचंच नाव ठेवून करार करा. पुढे कधी बदललंत तर लग्नाचा दाखला दोन्ही नावांमधला दुवा म्हणून कायम उपयोगी पडतो.

हप्ताहिशोब:
पैशाचं बघू. १४ लाख पुरणार नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. म्हणजे ६० लाखांवर कर्ज ४८, पदरचे १२. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. इथेच साडेसोळा लाख झाले. सोसायटीची हस्तांतरण रक्कम महाराष्ट्रात जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, त्यावर 'देणगी' मागितली तर ती देण्याचं बंधन नाही. वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या नोंदींचा तपास), बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, सामान हलवणं धरून साडेसतरा लाख हाताशी हवेत. तूट साडेतीन लाखांची.

आणखी एक खड्डा आहे. बँक तुमच्या ठरलेल्या किमतीवर डोळे झाकून जात नाही, स्वतःचा मूल्यांकनकार पाठवते. त्यानं ५७ लाख लिहिले तर कर्ज ४५ लाख ६० हजारांवर येतं आणि तुमची तूट एकदम २ लाख ४० हजारांनी वाढते. म्हणून इसार पावतीत (व्यवहार ठरवताना दिलेल्या आगाऊ रकमेच्या कागदात) एक वाक्य लिहून घ्याच: बँकेच्या कायदेशीर किंवा तांत्रिक तपासणीत मिळकत नापास झाली किंवा मूल्यांकन कमी आलं तर इसार परत. हे वाक्य नसेल तर इसाराची रक्कम लहान ठेवा. मुद्रांक शुल्काचं उलट असतं, ते करारातली किंमत किंवा रेडी रेकनरची (सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर बसतं.

हप्ता: ४८ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर महिना सुमारे ४१ हजार ६५०. तुमच्या एकट्याच्या पगाराच्या ४० टक्के होतो. हा आकडा एकट्याच्या पगारावर पेलतो का एवढंच बघा, तिचा पगार हिशोबातच धरू नका. भरपगारी रजा संपल्यावर तिला आणखी चार महिने घरी राहावंसं वाटलं तर तो निर्णय हप्त्यामुळे हिरावला जाऊ नये.

कर्ज आणि तिची नोकरी यांची सांगड नीट घाला. बँका तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं खातेपुस्तक आणि दोन वर्षांचा फॉर्म १६ मागतात, आणि कर्जाची रक्कम देण्याआधी नोकरी चालू आहे का हे पुन्हा तपासतात. मंजुरी तिच्या जुन्या पगारावर आणि रक्कम उचलण्याच्या वेळी ती नोटीसवर, असं झालं की फाइल पुन्हा पहिल्यापासून. तुमचं एकट्याचं उत्पन्न ४८ लाखांना पुरत असेल तर तेवढंच दाखवा. ती सहमालक म्हणून सहकर्जदार राहील, पण तिचा पगार पात्रतेत धरायला नको. नोकरी बदलत असेल तर तेही बँकेला लेखी कळवा, लपवू नका.

रीसेलमध्ये काय मागायचं: पहिल्या खरेदीपासूनचे सगळे मूळ करार साखळीनं, प्रत्येकाची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना हरकत दाखला, मिळकत कर आणि वीजबिलाच्या ताज्या पावत्या. भाग दाखला (सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट) मागाल तेव्हा आधी विचारा की ती सोसायटी आहे की अपार्टमेंट. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत, तिथे भाग दाखला नसतोच, घोषणापत्र आणि अपार्टमेंटचा दस्त बघायचा असतो. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्यांच्या बँकेचं थकबाकीचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या कागदांची यादी, दोन्ही इसाराआधी.

किंमत ५० लाख किंवा जास्त असल्यानं १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, इथे ६० हजार. दोन खरेदीदार आणि एक विक्रेता असेल तर प्रत्येकाच्या हिश्शाचा भरणा वेगळा. आणि विकणारे परदेशी राहत असतील तर हे १ टक्क्याचं गणित लागूच होत नाही. पुण्यात कागदावर मालक असलेला मुलगा अमेरिकेत आणि व्यवहार आईवडील करताहेत, असं खूपदा असतं. मालक भारतात रहिवासी आहे का हे पहिल्या भेटीतच विचारा. रहिवासी नसेल तर सीए गाठल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, कारण कमी कापलेल्या कराची वसुली खरेदीदाराकडून होते.

रजारोखा:
नोकरीबद्दल. इथे तारखा हातात घेऊन मोजायला हव्यात.

भरपगारी २६ आठवडे मिळण्याची अट अशी: ज्या मालकाकडून लाभ मागायचा त्याच मालकाकडे, अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम. ही अट १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली, सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आहे. जुन्या कंपनीतली तीन वर्षं नव्या कंपनीत मोजली जात नाहीत.

१ ऑक्टोबरला रुजू झाली तर १९ जानेवारीपर्यंत १११ दिवस होतात. पण त्यातले शनिवार-रविवार वजा केले तर कामाचे जेमतेम ८० उरतात. भरपगारी सार्वजनिक सुट्ट्या यात धरता येतात, तरी सोनोग्राफीसाठी किंवा तब्येतीसाठी घेतलेली एकेक रजा आकडा ८० च्या खाली नेऊ शकते. शिवाय रजा तारखेच्या आठ आठवडे आधी, म्हणजे २५ नोव्हेंबरपासून घेता येते. त्या दिवशी नव्या कंपनीत तिचे चाळीसच दिवस भरलेले असतील. म्हणजे तिला शेवटच्या दिवसापर्यंत कामावर जावं लागेल, आणि बाळ दोन आठवडे लवकर आलं तर नव्या एचआरशी दिवसांच्या मोजणीवरून वाद घालत बसावं लागेल. त्या वेळी कुठल्याही बाईवर हे ओझं पडू नये.

सध्याच्या कंपनीत राहिली तर २५ नोव्हेंबरपासून रजा, २६ आठवडे २५ मेला संपतात. ऑफर चांगलीच असेल तर दोन पर्याय आहेत. नोटीस कमी करून १ सप्टेंबरला रुजू व्हायचं, म्हणजे ८० कामाचे दिवस साधारण २० डिसेंबरच्या आसपास भरतात. किंवा रुजू होण्याची तारीख पुढच्या जूनपर्यंत लेखी पुढे ढकलून मागायची. मागून बघायला हरकत नाही, चांगल्या माणसासाठी कंपन्या थांबतात. मला विचाराल तर दुसरा.

विमा: कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. नव्या कंपनीची पॉलिसी पहिल्या दिवसापासून बाळंतपण धरते का, त्याची मर्यादा किती, सिझेरियनची वेगळी आहे का, आणि बाळ जन्मल्यापासून किती दिवसांत नाव घालायचं, हे चार प्रश्न ऑफर स्वीकारण्याआधी ईमेलवर विचारा. उत्तर फोनवर घेऊ नका. तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या पॉलिसीतही ती असेल तर दोन्हींच्या मर्यादा बघून ठेवा. आत्ता नव्यानं स्वतंत्र पॉलिसी घेऊन या बाळंतपणाचा खर्च निघणार नाही, तिथे बाळंतपणाला महिन्यांपासून वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असतो.

पीएफ: लग्नाआधी आईवडिलांना नॉमिनी केलेलं असेल तर लग्नानंतर ते नामनिर्देशन बाद होतं. तुम्ही दोघांनी पोर्टलवर ई-नॉमिनेशन नव्यानं करा, दहा मिनिटांचं काम आहे. पीएफशी जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमाही त्याच नोंदीवर दिला जातो. ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन वेगळं असतं, ते एचआरकडे.

मुळाकाठ:
रजारोखा, तुम्ही तारखा मांडल्यावर चित्र एकदम बदललं. ती जूनची तारीख मागणार आहे. हप्ताहिशोब, सासूबाई ४ लाख देऊ म्हणतात, ते कसे घ्यावेत? आणि घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं असं एजंट सांगतोय.

हप्ताहिशोब:
सासूबाईंचे पैसे त्यांच्या मुलीच्या खात्यात, चेकनं किंवा ऑनलाइन. आईनं मुलीला दिलेल्या रकमेवर कर नाही. बँक पैशाचा स्रोत विचारते, म्हणून साध्या कागदावर सासूबाईंच्या सहीचं पत्र: अमुक रक्कम मुलीला भेट दिली, परत घ्यायची नाही. रोख घेऊ नका. रोखीतले पैसे बँकेला दाखवता येत नाहीत आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणं कायद्यानंच बंद आहे.

एजंट बरोबर सांगतो आहे. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर निवासी घरावर १ टक्का सवलत आहे, तुमचे ६० हजार वाचतील. पुरुषाचं नाव सहमालक म्हणून आलं की सवलत गेली. पूर्वी १५ वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. घर तिचं एकटीचं झालं तरी तुम्ही सहकर्जदार राहून हप्ता भरू शकता, पण मालकी तुमची नसेल आणि जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावटही मिळणार नाही, कारण ती मालकालाच मिळते. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घरावर ती वजावट तशीही नाही. ४ लाख तिच्या आईचे येताहेत हेही लक्षात घ्या. दोघांनी बसून ठरवायची गोष्ट आहे, ६० हजारांवरून ठरवायची नाही.

दोघांच्या नावावर घेतलंत तर हिश्शाचे टक्के करारात लिहा. आणि मृत्युपत्र करा. हिंदू वारसा कायद्यानं पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर त्याचा हिस्सा पत्नी, मुलं आणि आई यांच्यात सारखा वाटला जातो, सगळा पत्नीला जात नाही. नॉमिनी लावला म्हणून मालकी मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयानं शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.

कर्जासोबत बँक एकरकमी प्रीमियमचा विमा पुढे करते आणि प्रीमियम कर्जातच मिळवते. म्हणजे त्या प्रीमियमवर २० वर्षं व्याज. तो सक्तीचा नसतो. त्याऐवजी तुमच्या नावावर साधा टर्म विमा घ्या आणि अर्जातच १८७४ च्या विवाहित स्त्रिया मालमत्ता कायद्याखाली पत्नी आणि अपत्य लाभार्थी लिहा. ते पैसे मग कुठल्याही देणेकऱ्याला ओढता येत नाहीत. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडायचा असतो, नंतर घालता येत नाही.

दस्तनोंद:
नोंदणीच्या दिवसाबद्दल. करार ऑगस्टमध्येच उरका. दुय्यम निबंधकांकडे दोघांनी हजर राहावं लागतं, फोटो आणि अंगठे तिथे घेतात. सर्व्हर बंद पडला की दोन-तीन तास बाकावर जातात, आठव्या महिन्यात ते नको. डेटा एंट्री आणि ई-चलन आदल्या दिवशीच करून ठेवा, वेळ सकाळची पहिली घ्या. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते. ती आधीच कोल्हापूरला गेली तर तुमच्या नावानं नोंदवलेलं कुलमुखत्यारपत्र लागेल आणि बँक त्याचा मसुदा आधी तपासून मागेल. कर्जापोटी मूळ कागद बँकेकडे गेल्यावर ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची दुय्यम निबंधकांकडे द्यायची सूचना) भरायला विसरू नका.

रजारोखा:
माहेरच्या बाळंतपणानं काही अडत नाही, फक्त तीन गोष्टी आधी करा. कोल्हापूरचं रुग्णालय पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये आहे का बघा. नसेल तर खर्च आधी तुमच्या खिशातून, त्यामुळे तेवढी रोकड घराच्या व्यवहारात घालू नका. दुसरं, पुण्याच्या डॉक्टरांकडची पूर्ण फाइल, रक्तगट आणि १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा अहवाल मूळ प्रतीत तिच्याबरोबर जाऊ द्या. तिसरं, सामान हलवायचं असेल तर ती माहेरी गेल्यावर, आणि रंगाचं व प्लायवूडचं काम बाळ येण्याच्या किमान महिनाभर आधी संपवून खिडक्या उघड्या ठेवा. जुना रंग घासण्याची धूळ गरोदर बाईच्या आणि बाळाच्या नाकात अजिबात जाऊ नये.

दस्तनोंद:
जन्माच्या दाखल्याचं राहिलं. जन्म जिथे होतो तिथेच नोंद होते, म्हणजे दाखला कोल्हापूरचा येईल, पुण्याचा नाही. मुदत २१ दिवस. रुग्णालयात झालेल्या जन्माची माहिती रुग्णालयच कळवतं, पण फॉर्म भरते तिथली परिचारिका, आणि ती विचारते बाळाच्या आजीला किंवा मामाला. मग आईचं नाव कुणी लग्नानंतरचं सांगतं, कुणी घरातलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, त्यामुळे इथली चूक बाळाच्या मागे वर्षानुवर्षं राहते.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव याच क्रमानं लिहितात, तेव्हा आईचं नाव बाळाच्या नावाचाच भाग आहे. बारसं व्हायचं असेल तर बाळाचं नाव रिकामं ठेवा, १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येतं. आईवडिलांची नावं मात्र पहिल्याच दिवशी बरोबर हवीत. दोघांच्या आधारची झेरॉक्स बाळंतपणाच्या पिशवीत, फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा. तिच्यावर पेननं लिहा: 'फॉर्मवर नावं यावरूनच, इंग्रजी आणि मराठी दोन्ही.' आणि मामाला आत्ताच सांगून ठेवा की सही करण्याआधी त्यानं आईवडिलांच्या नावांच्या त्या दोन ओळी अक्षर अक्षर लावून बघायच्या आहेत.